वाघरीतला यक्स

एका पोरीच्या मनातली संख्या मी भर वर्गात ओळखली आणि फळ्यावर वीतभर उंच आकड्यांत लिहून टाकली. वर टाळ्याही मागितल्या. टाळी कुणी वाजवली नाही. माझ्या नोकरीतल्या सगळ्या मूर्खपणांत हा अव्वल, आणि त्यातला विनोद असा की गणित अगदी बरोबर होतं.

नातू मला विचारतो, "आज्जी, तू इतकी वर्षं खेड्यात काढलीस, भूत पाहिलंस का गं कधी?" मी सांगते, "पाहिलं नाही बाबा. पण एकदा बहुतेक मोजलंय." तो हसतो. सून म्हणते, आई, पोराला घाबरवू नका. आता या वयात मला दुसरा उद्योग तरी काय आहे?

कुठल्या साली लागले, बदली कुठं झाली, निकाल किती लागला, हे लिहायला बसले तर वाचणाऱ्याच्या आधी मीच घोरायला लागेन. म्हणून एवढीच एक गोष्ट सांगते.

मी आठवीला बीजगणित शिकवायची. उन्हाळ्याकडं माजलगावच्या धरणाचं पाणी मागं सरकतं आणि खालची काळी, भेगाळलेली जमीन उघडी पडते, त्या अंगाला आमचं गाव. एकीकडं पाणी, दुसरीकडं ऊस, मधे शाळा. पोरं माझ्या माघारी मला 'यक्सबाई' म्हणत. तोंडावर म्हणायची छाती एकाचीच झाली. तो आता ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये असतो आणि रस्त्यात भेटला की पाया पडता पडता हळूच म्हणतो, "यक्सबाई, बऱ्या हाव न्हवं?"

ज्यांनी दहावी सुटल्या दिवशीच गणिताशी सोयरीक मोडली, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पंगत बसलीय असं समजा. पानं वाढलीत. एका पाटावर अजून कुणी आलेलं नाही. कोण येणार ते ठाऊक नाही, पण पान त्याचं आहे आणि वाढपी त्यावर वाढत चाललाय. त्या रिकाम्या पाटाला आम्ही यक्स म्हणतो. पुस्तकात त्याला चल म्हणतात. या न आलेल्या पाहुण्याला कधी तिप्पट करायचं, कधी त्याला त्यानंच गुणायचं, शेवटी एखादा साधा आकडा मिळवायचा, आणि ही सगळी माळ तशीच ठेवायची. माळेतला एकेक मणी म्हणजे पद. एक मणी असला तर एकपदी, दोन असले तर द्विपदी, आणि कितीही मण्यांची असो, अशा माळेचं सगळं मिळून नाव बहुपदी.

शिकवायला कठीण काय, तर 'तशीच ठेवायची' हे. तीन यक्स अधिक दोन लिहिलं की नवी पोरं हटकून उत्तर देणार, पाच यक्स. त्यांना अपुरं बघवत नाही. उत्तर कसं, एकटं, सुटसुटीत, खाली दोन रेघा मारण्याजोगं पाहिजे.

"बाई, मंग ह्याचं पुढं काय करायचं?"

"काही नाही. असंच ठेवायचं."

"आर्धवट?"

"अर्धवट नाही रे. यक्स किती ते ठाऊक नाही ना? मग ठाऊक नसलेलं ठाऊक नसलेलंच ठेवायचं."

"मंग सोडवाया दिलंच कावून?"

या प्रश्नाला माझ्याकडं कधीच धड उत्तर नव्हतं. शेवटी मला मेंढरं सापडली. आमच्याकडं ऊस तुटून गेला की रिकाम्या रानात धनगर मेंढरं बसवतात. रानाला खत होतं, मेंढरांना पाचटातला हिरवा पाला मिळतो. संध्याकाळी मेंढरं जाळ्याच्या कुंपणात घालतात. त्या कुंपणाला वाघूर म्हणतात. मी फळ्यावर तीन गोल काढले. या तीन वाघरी. प्रत्येकीत सारखीच मेंढरं आहेत, पण किती ते आपण पाहिलेलं नाही. आणि ही बाहेर दोन सुटी. तीन यक्स अधिक दोन. आता सांगा, बाहेरची दोन मेंढरं म्हणजे दोन वाघरी होतील का?

"न्हाई वो बाई, येड्यावानी!" सगळा वर्ग एका आवाजात ओरडला.

मला इतका आनंद झाला की त्या दिवशी घरी जाऊन मी गोड शिरा केला. तेव्हाची मी म्हणजे अशी होते. बी.एड.ची पदवी, चष्मा, कडक इस्त्रीची साडी, आणि आपण हिंडतो तिथं उजेड पडतो अशी ठाम समजूत. आज ती बाई समोर आली तर मी तिला आधी पाणी देईन आणि मग एक चापट.

त्या वर्गात सोजर होती. धोंडिबा नावाच्या धनगराची मुलगी. दाराजवळ बसायची, कमी बोलायची, अंगाला लोकरीचा आणि धुराचा वास. वाडा, म्हणजे तिच्या घरच्यांचा तळ, गावाजवळच्या रानात असला की ती तिथून शाळेला यायची. वाडा लांब गोदावरीकडं हलला की गावातल्या आत्याकडं राहायची. वर्गात उत्तरासाठी न तळमळणारी ती एकटी. पाच यक्स अधिक सात असं फळ्यावर लिहिलं की ती त्याकडं समाधानानं बघत बसायची, जसं कुणी निजलेल्या लेकराकडं बघतं. बहुपदी तिला कुणी शिकवली नाही. ती तिला आधीच ठाऊक होती, मी फक्त नाव सांगितलं.

आणि हिलाच मी धरली.

झालं असं. मेंढरांचा धडा जमल्यावर मला पुढचा धडा घ्यायचा होता, बहुपदीची किंमत. म्हणजे त्या रिकाम्या पाटावर एखादा आकडा आणून बसवायचा आणि मग सगळी माळ किती भरते ते काढायचं. मी म्हटलं, "सोजर, तुमच्या वाघरीत किती मेंढरं आहेत गं? तोच आपला यक्स."

सोजर उभी राहिली आणि दाराबाहेर बघू लागली.

"मोजता येत नाही का?"

"येतंय."

"मग?"

"ते न्हाई सांगत आमी, बाई."

मागून एक पोरगं म्हणालं, "बाई, धनगराला आसं इचारीत नसतेत."

हे मला ठाऊक होतं. गावात कुणालाही ठाऊक होतं. लस टोचायला डॉक्टर आले तरी धोंडिबा आकडा सांगत नसत. "हायती की देवाच्या दयेनं," एवढंच. स्वतःही मोजत नसत. संध्याकाळी वाघरीच्या तोंडाशी उभं राहायचं आणि एकेकीचं तोंड बघायचं, हीच त्यांची पद्धत. कारण विचारलं तर म्हणत, "आकडा बोलला की आयकनारा आयकतो." ऐकणारा कोण, ते सांगत नसत.

तर ठाऊक असूनही माझ्यातली हुशार बाई जागी झाली. मी म्हटलं, बरं, नको सांगू. मला नको, कुणालाच नको. नुसती मनात धर. धरलीस? तिची दुप्पट कर. त्यात दहा मिळव. आता फक्त आलेलं उत्तर सांग. उत्तर म्हणजे काही तुमची मेंढरं नव्हेत.

सोजरनं माझ्याकडं बघितलं. ती नजर मला आजही दिसते. तिनं मनात हिशेब केला आणि माझ्यावर विश्वास ठेवून उत्तर सांगितलं.

मी त्यातून दहा वजा केले, राहिलेल्याचे निम्मे केले, खडू पाण्यात बुडवला आणि तो आकडा फळ्यावर लिहिला. ओल्या खडूचं अक्षर लिहिताना फिकं दिसतं, वाळताना उजळत जातं. सुविचार लिहायला आम्ही तो वापरायचो. मी पोरांकडं वळून म्हटलं, "बघा बीजगणिताची जादू! वाजवा टाळ्या."

सगळा वर्ग माझ्या पाठीमागं बघत होता. तिथं आकडा हळूहळू उजळत होता.

तो आकडा मी इथं लिहिणार नाही. मला हसायचं तर हसा.

दुसऱ्या दिवशी कळलं, धोंडिबांची काळतोंडी मेंढी गेली. कळपाच्या पुढं चालणारी, गळ्यात घंटा असलेली. लांडग्यानं नेली म्हणावं तर रक्त नाही, लोकर नाही, ओरडा नाही. चोरानं म्हणावं तर कुत्रा भुंकला नाही. वाघूर जशीच्या तशी. मेंढी तेवढी नाही, आणि घंटा वाघरीच्या मधोमध पडलेली, पट्ट्याची गाठ न सुटता.

मग तुटक्या कानाची गेली. मग एक म्हातारी, खोकणारी.

मी शाळेत मोठ्यानं म्हटलं, योगायोग. मुख्याध्यापकही म्हणाले, योगायोग. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, तो आकडा तेवढा पुसून घ्या."

मी तो त्याच दिवशी पुसला होता. ओल्या फडक्यानं पुसलं की फळा काळाभोर व्हायचा, आणि वाळता वाळता आकडा पुन्हा वर यायचा. ओल्या खडूचा गुण आहे तो. पुळणीसारखा खरखरीत फळा असला की चुना आत बसतो. हे मी पोरांना शास्त्रशुद्ध समजावून सांगितलं. पोरांनी ऐकून घेतलं आणि बाक मागं ओढले. शिपायाकडून फळ्याला काळा रंग दिला. तरी दुपारी खिडकीतून तिरपं ऊन आलं की रंगाखाली तो दिसायचा. मी त्या तासाला खिडकी लावून घेऊ लागले. उकाडा होतो असं सांगून. खिडकी लावल्यानं उकाडा कमी होतो, हा शोध माझाच.

सोजर यायची बंद झाली. आणि एका सकाळी धोंडिबा स्वतः शाळेत आले. उंच माणूस, खांद्यावर घोंगडं. वर्गाच्या दारात उभे राहिले, आत पाऊल टाकलं नाही. फळ्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं नाही.

"बाई, पोरगी आता मेंढरामागं ऱ्हाईल. ह्या रानातलं सरलं की आमी हलतो. ती बी संगं येती."

"अहो, वर्गात पहिली येईल ती! शाळा सोडवू नका."

"ती शाळंत शिकली मनून तर तिनं मोजलं. गुपचूप. बोटावर. आमच्यात कुनी मोजीत न्हाई, तर हिला मोजायचं कुनी शिकिवलं?"

मीच शिकवलं होतं. माझ्यासारख्या चार बायांनी.

पुन्हा गोदावरीकडं वाडा हलला की ही पोरगी कायमची गेली, हे मला स्पष्ट दिसत होतं. तिकडंच कुठं तिचं लग्न लागलं असतं आणि पुढं बहुपदी काय अन् एकपदी काय. माझ्यामुळं. म्हणून मी त्या दिवशी शाळा सुटल्यावर चालत वाड्यावर गेले. मनात काय होतं सांगू? मेंढरं मोजायची. मोजून दाखवायचं की ही हरवलेली सोडली तर बाकी सगळी ठीक आहेत, भ्यायचं कारण नाही. म्हणजे जिनं आग लावली तीच रॉकेल घेऊन विझवायला निघाली.

दिवस अजून मावळला नव्हता. पाचट वाऱ्यानं वाजत होतं. धोंडिबा वाघरीच्या तोंडाशी उभे होते आणि मेंढरं एकेक करून आत चालली होती. त्यांचा कुत्रा लांब बांधावर बसला होता, वाघरीकडं पाठ करून.

"असा का बसलाय तो?"

सोजर चुलीपाशी होती. ती म्हणाली, "काळतोंडी गेल्यापून तसाच बसतो. हिकडं बगतच न्हाई."

मी धोंडिबांना माझा विचार सांगितला. ते नको म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. "आकडा तुमीच बोललाव. तुमीच बगा," म्हणाले, आणि मेंढरं पुन्हा बाहेर काढून एकेक आत सोडू लागले. मी मोजू लागले.

शेवटचं मेंढरू आत गेलं आणि मी आनंदानं ओरडलेच. "धोंडिबा! एकही गेलेलं नाही हो! फळ्यावर लिहिला तेवढाच आकडा आला. पुरी आहेत!"

धोंडिबा शांतपणे म्हणाले, "मंग काळतोंडी कुटं हाय?"

मी वाघरीत बघितलं. काळ्या तोंडाचं एकही नव्हतं. तुटक्या कानाचं नव्हतं. म्हातारी नव्हती.

मी म्हटलं, माझं चुकलं. पुन्हा मोजते. यावेळी आकडे म्हणायचेच नाहीत. एक मेंढरू आत गेलं की एक खडा ओच्यात टाकायचा. सगळी गेली की मग खडे मोजायचे. खडे मोजले. फळ्यावरचाच आकडा.

आता एक सांगते. ज्याला उत्तर आधीच ठाऊक असतं, त्याचं गणित उत्तरापाशीच जाऊन थांबतं. पुस्तकाच्या मागचं उत्तर बघून पायऱ्या जुळवणारी पोरं मी जन्मभर पाहिली. मीही तशीच जुळवत असेन. भीतीनं एखाद्या मेंढराला दोन खडे पडले असतील. असंच झालं असणार. मी स्वतःला हेच सांगते आणि त्यावर माझा बऱ्यापैकी विश्वास आहे, विशेषतः दिवसा.

पण मग मी वाघरीत नीट बघितलं. सगळी मेंढरं एका बाजूला, एकमेकांच्या अंगावर चढल्यासारखी दाटून उभी होती. दुसऱ्या कोपऱ्यात तीन-चार मेंढरं आरामात बसतील एवढी जागा मोकळी होती. तिथं एकही जात नव्हतं. आणि त्या मोकळ्या जागेतलं पाचट दबलेलं होतं.

"सोजर, तू मोज बरं एकदा."

"मी न्हाई मोजीत, बाई." ती रडायला लागली. "मी मोजलं मनूनच झालं हे. लई मजा वाटली व्हती मोजताना."

मी तिच्यापाशी चुलीजवळ बसले. इस्त्रीच्या साडीसकट मातीत. म्हटलं, मी फळा पुसला गं, रंग दिला. ती नाक पुसत म्हणाली, "फळा पुसून काय व्हतंय? आकडा ठाऊक तर ऱ्हायलाच की. तुमाला, मला, वर्गाला. ठाऊक झालेलं ठाऊक नसलेलं कसं करायचं?"

"नाही करता येत, बाळा."

सोजरनं चुलीत एक काटकी सारली आणि म्हणाली, "येतंय की."

"कसं?"

"त्याच्यात यक्स मिळवायचा. तुमीच म्हनलाव. दोन ठाऊक हायती, पन दोनात यक्स मिळवला की ते सगळंच ठाऊक नसलेलं व्हतं. मंग तसंच ठेवायचं. आर्धवट."

मी आयुष्यभर पाठ शिकवले, तपासणीला अधिकारी आले, त्यांनी मान डोलावली. पण माझ्या शिकवण्याचा कुणी असा उपयोग करील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. स्थिर संख्येत चल मिळवला की बहुपदीची कोटी, म्हणजे तिचा दर्जा, बदलते, हे वाक्य मी शंभरदा म्हटलं असेन. पण त्या वाक्यानं कुणाचं काही वाचतं का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

धोंडिबांनी सगळं ऐकलं. त्यांना बहुपदी कळली की नाही ठाऊक नाही, पण बोलणं पटलं. त्यांचा मेहुणा नांदूरघाटकडून आपला कळप घेऊन येत होता. त्यानं डोळे मिटून, हाताला लागतील तेवढी मेंढरं आपल्या कळपातून तोडून यांच्यात सोडायची. किती, ते त्यालाही कळता कामा नये. कुणीच बघायचं नाही.

"आनि बाई, तुमी बी यायचं," धोंडिबा म्हणाले. "आकडा तुमच्या हातून उटला. तुमी मेंढराकडं पाट करून उभं ऱ्हायचं. डोळं मिटून. मोजायचं न्हाई."

"नाही मोजणार."

"जमंल तुमाला?"

प्रश्न बरोबर होता. मी देवळाच्या पायऱ्या मोजते. जेवताना घास मोजते. लग्नात अक्षता टाकताना मंगलाष्टकं मोजते.

मेहुणा आला त्या दिवशी मला भर दुपारी बोलावलं होतं. धरणाच्या मागं हटलेल्या पाण्याच्या काठाला, उघड्या पडलेल्या काळ्या जमिनीवर. ऊन असं की पाण्याकडं बघवत नव्हतं. सावली कुठंच नाही. एरवी तिथं टिटव्या ओरडत असतात, त्या दिवशी एकही नव्हती. मला पाण्याकडं तोंड करून उभं केलं. सोजर माझा हात धरून उभी राहिली. तिनंही डोळे मिटले होते. मागं मेहुण्यानं आपली मेंढरं सोडली, धोंडिबांनी तोंडानं 'हर्रर्र' केलं आणि सगळा कळप निघाला.

डोळे मिटले की माणूस मोजायचा थांबतो असं वाटतं तुम्हाला? कान मोजायला लागतात. खुरांचा आवाज, एक. पुन्हा, दोन. मी घाबरून गेले. मग जे सुचलं ते केलं, मोठमोठ्यानं एकोणतीसचा पाढा म्हणायला लागले. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. त्या रणरणत्या उन्हात, डोळे मिटून, पाण्याकडं तोंड करून, एक शिकलेली बाई बोंबलून पाढा म्हणतेय आणि मागून मेंढरं चाललीत. कुणी बघितलं असतं तर मला तिथूनच दवाखान्यात नेलं असतं. लोकर माझ्या साडीला घासून जात होती. धूळ तोंडात जात होती. पाढा संपला की मी पुन्हा पहिल्यापासून.

मग खुरं थांबली. नव्या पुढारी मेंढीच्या गळ्यातली घंटा लांब जाऊन थांबली. मीही थांबले.

आणि त्यानंतर मागून आणखी काहीतरी गेलं.

त्याला खुरांचा आवाज नव्हता. भेगाळलेल्या जमिनीवरचं सुकलेलं शेवाळ दबताना चुरचुरतं ना, तेवढंच. सावकाश चाललं होतं, मागं राहिलेल्यासारखं. माझ्या पोटऱ्यांना गार लागलं, त्या उन्हात, उघड्या विहिरीच्या तोंडाशी लागतं तसं. ते माझ्या मागं थांबलं. मी मोजलं नाही. खोटं सांगत नाही, मोजायला हवं तेवढं धैर्यच उरलं नव्हतं.

सोजरनं हात घट्ट दाबला. "बाई, पाढा म्हना."

मला पाढा आठवेना. गणिताच्या बाईला एकोणतीसचा पाढा आठवेना. शेवटी सोजरच म्हणू लागली, बारीक आवाजात, "एकोनतीस एकं एकोनतीस," आणि तिच्या मागं मी, पहिलीतल्या पोरासारखी. आम्ही दोघी म्हणत राहिलो. चुरचुर पुन्हा सुरू झाली, कडेनं पाण्याकडं गेली, आणि पाण्यात शिरताना काही वाजलं नाही.

लांब कुठंतरी कुत्रा भुंकला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा. भुंकत भुंकत कळपाभोवती धावायला लागला.

"झालं," धोंडिबा म्हणाले. "उघडा डोळं."

हरवलेली तिन्ही कधी सापडली नाहीत. त्यानंतर मात्र एकही गेलं नाही. मी तो संख्या ओळखायचा खेळ वर्गात पुन्हा कधी केला नाही. पुढं नोकरीत किती हुशार पोरं आली, बाई, मनातली संख्या ओळखा ना म्हणून मागं लागली. मी सांगायची, यक्स आहे तो, राहू दे तिथंच.

त्या दुपारी वाड्यावरून निघताना मी धोंडिबांना दोन गोष्टी विचारल्या. आधी विचारलं, शेवटी मागून काय गेलं हो? ते वाघूर गुंडाळत होते. त्यांनी जाळ्याची एक गाठ तपासली, दुसरी तपासली. मग मी विचारलं, सोजर शाळेत येईल का? तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं आणि म्हणाले, "येती उद्यापून. आत्याकडं ऱ्हाईल. पन बाई, हजेरी घेताना तिला नंबरानं हाक मारू नगा, नावानं मारा. नंबराला कुनी बी हजर म्हनतंय."